कदवार लावलेलं गवत

सांगली, १९९७

प्रिय आबा,

तुमची उरलेली आठ पाकिटं उद्या पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवतेय. निकाल आल्यावर मी काय लिहीन याचा माझा मलाच भरवसा नाही, म्हणून आधीच लिहायला बसले.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दूधवाला माप टाकत असताना त्याच्या हाताकडे बघणारी मी. पण बापावरही संशय घ्यावा?

गवतावर पीएच.डी. करतेय म्हटल्यावर तुम्ही किती हसलात! मग मी समजावलं, पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो. त्याचे तुकडे करून उमटलेले पट्टे ताडून पाहिले, की कोणतं गवत कोणाच्या जवळचं, कोण आधी वेगळं झालं, याचा अंदाज येतो. "म्हंजे गवताची भावकी काढतीस व्हय," म्हणालात. आणि फौजेतून निवृत्त झालेला माणूस दुखऱ्या गुडघ्यानिशी यवतेश्वरच्या पठारावर गवत आणायला निघाला.

खरंच निघालात का? माझा प्रश्न तोच होता.

तुम्ही साताऱ्याहून पाठवलेल्या गठ्ठ्यात नऊ गवतं होती, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली. प्रत्येकाच्या पानाचे बारीक तुकडे वेगळ्या पाकिटात. गवताचा आणि त्याच्या पाकिटाचा नंबर एकच हवा, एवढंच मी बजावलं होतं. एक नंबरचं गवत होतं उंच कुसळी, ज्वारीच्या भावकीतली. एक नंबरच्या पाकिटातले पट्टे मात्र हरळीचे निघाले. पुन्हा तपासून घेतलं, पुन्हा हरळीच.

हरळी तर आपल्या दारात उगवते. मी ठरवूनच टाकलं, की गवतं कुणाकडून तरी मागवली आणि पाकिटं दारातच भरली. त्या रविवारी घरी आले तेव्हा तुमचे बूट उलटे करून तळवे पाहिले होते मी. माती नव्हती. तुम्ही आल्या आल्या बूट घासून ठेवता, हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी.

"आबा, पठारावर गेलाच नव्हता ना?" असं मी आईसमोर विचारलं.

"गेलो हुतो की गं," एवढंच म्हणालात. भांडला का नाहीत? तुमच्या गप्प बसण्याचाही मी पुरावा केला. त्यानंतर तुम्ही गवताचं नाव काढलं नाही, आणि मीही उरलेली पाकिटं कपाटात ढकलली.

गेल्या आठवड्यात आईच्या समोर मी गवतं कागदात दाबत होते. ती म्हणाली, "अशी कशी गं लावतीस? आबांनी आदी अंगनात कदवार लावली हुती. उंच उजवीकडं, बुटकं डावीकडं. मग नंबर घातले."

"आणि पाकिटं?"

"ती पठारावरच भरली की. तोडंल तसा नंबर."

गवतांना उंचीचा नंबर, पाकिटांना तोडण्याचा! फौजेत जवान कदवार उभे करतात, तसं गवत फॉलिन केलंत तुम्ही. गठ्ठ्यातल्या नऊ गवतांत हरळी सगळ्यांत बुटकी, तिचा नंबर शेवटचा, नववा. पण वाटेत तोडली असेल ती सर्वांत आधी, म्हणून तिचं पाकीट एक नंबरचं.

तरी रात्रभर मनात आलंच, आईला तुम्हीच पढवून ठेवलं नसेल? अशी आहे मी, आबा. तुम्ही हे जग सोडून गेल्यावरही उलटतपासणी चालूच.

म्हणून आज एक काम उरकलं. प्रबंधातल्या यादीत नऊही गवतांपुढे, गोळा करणाऱ्याच्या रकान्यात, शाईने तुमचं नाव लिहिलं. पट्टे जुळले नाहीत तर गवतं यादीतून काढीन, ते माझं काम आहे. पण तुम्ही पठारावर गेला होतात की नाही, हे मी पुन्हा कधीही कुणाला विचारणार नाही. प्रयोगशाळेलाही नाही.

तुम्ही गेला होतात, आबा.

तुमची,
सुमन