पायांपुरतं बघणं

आई,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे तुझ्या हयातीत लिहिलं असतं तरी मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी मधल्या काही ओळी हळूच गाळल्या असत्या. आता कुणाला वाचून दाखवायचं नाही, तेव्हा गाळायचंही कारण नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज सकाळपासून घर आवरताना तू सारखी मध्येमध्ये येते आहेस. लेकीला मुलगी झाली. उद्या ती बाळाला घेऊन घरी येते आहे.

मला पेठकडच्या आश्रमशाळेचं ते स्वयंपाकघर दिसतं. पत्रा धुरानं काळा झालेला, तू मोठ्या पातेल्यात आमटी ढवळते आहेस आणि तोंडानं मुलींची चौकशी चालली आहे. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला घरची आठवण येते. बाबा गेल्यावर तुला तिथे स्वयंपाकाचं काम मिळालं आणि मी तिथेच शिकू लागले. सगळ्या मुली तुला मावशी म्हणायच्या, त्याचा मला राग यायचा. माझी एकटीची आई सगळ्या वसतिगृहात वाटली जायची. एखादी पोर मलूल दिसली की तू तिला चुलीपाशी बसवायचीस, तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायचीस आणि म्हणायचीस, "गेली नजर. जेव आता." आणि ती खरंच जेवायची. त्यातल्या निम्म्या जणींना नजरबिजर काही लागलेली नसायची, कुणीतरी जवळ घ्यायला हवं असायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्यातली एक मुलगी घरीच तापानं वारली. शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि मोठ्यांपैकी कुणी आम्हाला एका शब्दानं काही सांगितलं नाही. तिची मैत्रीण रडून रडून जेवेना, म्हणून तू तिच्यावरून मीठ उतरवलंस. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला ती ओळीतच कोसळली. मुठी आवळलेल्या, दातखीळ बसलेली. मग तिच्या मागची पडली, मग तिच्या शेजारची. पुढे रोजच प्रार्थनेला पाच-सात जणी पडायला लागल्या. पेठहून डॉक्टर आले, सगळ्यांना तपासलं, म्हणाले की पोरी घाबरल्या आहेत, त्यांना वेगवेगळं ठेवा, आपोआप थांबेल. इतकं साधं कारण कुणाला पटणार? आईबाप गोळा झाले आणि त्यांच्याबरोबर भगत आला. त्यानं सुपात तांदूळ टाकून हलवले, दाणे कुठे सरकतात ते बघितलं आणि मुलींना विचारलं, अंगात कळ यायच्या आधी कोण दिसतं. सगळ्यांत आधी पडलेली ती मैत्रीण पुढे सरकली. मग म्हणाली, "मावशीनं माझ्यावरून मीठ उतरवलं, तवापासून होतंय."

ती खोटं बोलली नव्हती. जे घडलं होतं तेच तिनं सांगितलं. पण तिच्यानंतर विचारलं त्या प्रत्येकीला मावशीच दिसायला लागली, जिच्यावरून तू कधी मिठाचा खडासुद्धा उतरवला नव्हतास तिलाही. संध्याकाळपर्यंत तू भुताळी झाली होतीस, जिची नजर पोरांचं रक्त पिते ती. तसं म्हणणाऱ्या बायकांनीच सकाळी तुझ्या हातचा चहा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मीही पडले. हे आपण दोघी कधी बोललो नाही. मी सोंग केलं नव्हतं, आई. शेजारची धाडकन खाली गेली, माझे हात गार पडले, कानात गुणगुण सुरू झाली आणि जमीन वर आली. जांभई एकाची बघून दुसऱ्याला येते, ती काय कुणी ठरवून देतं का? डॉक्टर याला सामूहिक उन्माद म्हणतात, हे पुढे मी पुस्तकात वाचलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की तू पिठाच्या हातांनी माझ्याकडे धावत येते आहेस आणि बायका तुला अडवताहेत. कुणीतरी म्हणालं, "पोटची पोर बी सोडली नाय हिनं. आता आणखी काय बघायचं हाय?"

हेडसरांनी तुला ऑफिसात बोलावलं तेव्हा मी दाराशी उभी होते. ते शहरातले, चांगले, तुला मान देणारे. म्हणाले, "मावशी, माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण हे लोक शाळा बंद पाडतील. तुम्ही वाढताना तेवढा पदर ओढून घ्या. मुलींच्या तोंडाकडे बघू नका. बाकी काम आहे तसं चालू द्या." आपण मधला मार्ग काढला, असं त्यांना वाटलं असणार. तू पदर नाकापर्यंत ओढलास आणि ताटापुरतं बघत वाढायला लागलीस. आणि मुली पडायच्या थांबल्या.

त्या थांबणारच होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शिवाय निम्म्या मुलींना तोवर घरी नेलं होतं. पण भगताला पुरावा मिळाला, गावाला मिळाला. मला त्या भल्या हेडसरांचा जितका राग येतो तितका भगताचाही येत नाही. भांडी घासताना तू मान वर न करता मला विचारलंस, "थांबलं ना गं, बाय?" मी हो म्हणाले. मला वाटलं, तुला बरं वाटेल.

मग आपल्या पाड्यावर एक तान्हं मूल दगावलं. आता कोणाच्या दारात जायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. भरदिवसा काठ्या घेऊन आले आणि त्यांनी तुझा हात मोडला. सरकारी दवाखान्यात विचारलं तर तू म्हणालीस, घसरून पडले. पाडा सोडून निघालो तेव्हा नाशिकच्या बसमध्ये मी भांडले तुझ्याशी, खरं का नाही सांगितलंस म्हणून. तू म्हणालीस, "त्यांचं लेकरू गेलंय, बाय. त्यांची काय चूक?" हे तुझं मोठं मन, असं मी कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत होते.

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला तू फुलांच्या मळ्यात कामाला लागलीस. झेंडू खुडायचा, हार गुंफायचे, मान सतत खाली. भाजीच्या मळ्यात दोन पैसे जास्त मिळत होते, तरी तू गेली नाहीस, कारण तिथे बायका पोरांना पाठीशी बांधून आणायच्या. मी शिकले, शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं, आणि तरीही मला काही कळलं नव्हतं. मुलगी झाली तेव्हा कळलं. तू दवाखान्यात आलीस आणि माझ्या खाटेपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. मी बाळ पुढे केलं तर दोन पावलं मागे सरलीस.

"मला बघाय लावू नको, बाय."

म्हणजे तुला पटलं होतं. त्यांनी तुझा हात मोडला तेव्हा तुझ्या मनात आलं असेल की बरोबर करताहेत. मी त्या खाटेवर रडले, आणि घरचे म्हणाले की बाळंतपणाचं रडू आहे. पुढे तू जाईपर्यंत नातीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीस. पायांपुरतं बघायचीस. पाय बघितले तर चालतं, असं तुझं तूच ठरवलं होतंस. तिच्यासाठी चांदीचे वाळे आणलेस ते माप न घेता इतके नेमके बसले की बघणाऱ्यांनीही विचारलं, माप कुणी घेतलं.

आज मी ते वाळे काढून घासले. उद्या ते या बाळाच्या पायात घालणार आहे. मग पाळणा टांगला, खिडकीजवळच्या कडीला, हवा येते म्हणून. तुझा फोटो बरोबर समोरच्या भिंतीवर येत होता. तो एकच फोटो, ज्यात फोटोवाल्यानं तुला दटावून समोर बघायला लावलं होतं.

मी तो काढला आणि आतल्या खोलीत कपाटामागे लावला. काचेवर ऊन चमकतं, बाळाच्या डोळ्यांवर येईल, असं घरात सांगितलं. ती खिडकी उत्तरेची आहे, आई. समोरच्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही. ही ओळ मी तुला वाचून दाखवली नसती.