खालचा सूर

रवि. ३ नोव्हें. १९६३

उपासनेनंतर तालीम. अर्धेच आले. कोणाचा कापूस वेचायचा राहिला, कोणाकडे पाहुणे. खामगावची समूहगान स्पर्धा शनिवारी, आणि दुसरं कडवं अजून लंगडतंय. नामदेवही नाही. त्याची ड्यूटी पुन्हा धाडच्या मुक्कामी गाडीवर. आमची गाणी चार सुरांची, प्रत्येक सुराची चाल निराळी, आणि पुरुषांचा खालचा सूर म्हणजे आमच्याकडे हा एकटा कंडक्टर. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला नव्हे, त्याच्या घरी बुद्धवंदना. केवळ गाण्याच्या हौसेनं येतो, आणि आला की सगळ्यांचे आवाज जाग्यावर बसतात. म्हटलं डेपोत जाऊन साहेबांना भेटते. हे म्हणाले, आता गाड्याही तूच सोड. मला हसू आलं नाही.

मंगळ. ५

आज पोट धरून हसले. रागात होते तरी.
मार्थामावशी. दवाखान्यात आया, अक्षरओळख नाही, पण बायकांचा खालचा सूर तिच्यासारखा कोणी धरत नाही. मिशनच्या मडम मायदेशी जायच्या आधी तिला तो शिकवून गेल्या, तेव्हापासून तोच. आज मी पेटीवर पोरींची चाल वाजवली, वरची. मावशी म्हणते, हे कोणतं गाणं वं? म्हटलं, अगं तू गातेस तेच. तिला पटेचना. इतकी वर्षं ती समजतेय की आपण गातो तेच गाणं, आणि पुढच्या पोरी उगाच वर चढतात. "म्या म्हटलं लेकरं आहेत, जाऊ द्या."

रवि. १०

काल खामगाव. घाटात दोन पोरींना उलट्या. तिथं हॉल गच्च, बहुतेक भजनी मंडळं. नामदेव रजा टाकून आला होता.
इथं खोटं कशाला लिहू, आम्ही इतकं चांगलं कधी गायलो नव्हतो. चारही सूर बसले. दुसऱ्या कडव्यात माझ्याच अंगावर काटा आला.
मग निकाल. नंबर नाही तो नाहीच, वर परीक्षकांतले म्हातारे बुवा माईकवर सांगतात, "बुलढाण्याच्या मंडळाचे आवाज चांगले आहेत, पण एकी नाही. काही जण शेवटपर्यंत वेगळंच गात राहिले. तालीम वाढवावी." सगळा हॉल हसला. मी तडक बुवांना गाठलं. सांगितलं, ती चूक नव्हे, ते तसंच बसवलेलं आहे, चार सूर एकमेकांत मिसळतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, वेगळंच गायचं तर एकत्र कायले गायचं?"
माणूस खवट असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.
परतीच्या गाडीत नामदेवानं विचारलं, बाई, माझ्यानं काही चुकलं काय. मी त्याच्यावरच खेकसले. मावशी आपली खिडकीशी बसून गुणगुणत होती. खालचाच सूर.

गुरु. १४

मंडळीच्या पंचांची बैठक. शांतवनराव बोलले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कचेरीत हेडक्लार्क होते, रिटायर झाले तरी टेबल सुटलं नाही.
ठरलं ते असं. नाताळचा कार्यक्रम यंदा तिकिटावर, शाळेच्या हॉलात. जमेल त्यातून क्षयाच्या वॉर्डाला रग. इथवर उत्तमच. पण साहेब लोक, वकील, व्यापारी येणार, म्हणून गाणी 'लोकांना कळतील अशी'. म्हणजे सगळ्यांनी एकच चाल धरायची, ढोलकी-टाळावर. मला ढोलकीचं वावडं नाही. आपली जुनी भजनं तशीच गातो, मला आवडतात. पण ही गाणी चार सुरांची आहेत, तीन सूर काढले तर उरतं काय? तासभर भांडले. शेवटी तीन गाणी एका सुरात, आणि माझ्या समाधानासाठी शेवटचं एक चार सुरांत. 'समाधानासाठी' हा त्यांचा शब्द.
विचारलं, मग मावशीचं काय? तिला वरची चाल येतच नाही. शांतवनराव म्हणाले, "नुसते ओठ हलवा म्हणावं."
चहा तसाच ठेवून उठले.

शुक्र. २९

मावशीला वरची चाल शिकवायला बसले. एक ओळ नीट जाते, दुसरीला घसरते आपल्या जागी. पुन्हा. पुन्हा. आवाजही पोचत नाही तिथं. शेवटी तीच म्हणाली, राहू दे वं माय, मी हलवीन ओठ. इतकी चीड आली. तिच्यावर नाही. थोडी तिच्यावरही.

रवि. २२ डिसें.

काल कार्यक्रम. हॉल भरला, मागे माणसं उभी. ढोलकीवर तीनही गाणी दणक्यात, टाळ्याच टाळ्या. मावशी पांढरं धुवट लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत, ओठ हलवत. इतकं मन लावून हलवले की नंतर वकिलीणबाई मला म्हणाल्या, त्या आजींचा आवाज किती गोड हो. मी हो म्हटलं.
शेवटचं गाणं, माझं, बोंबललं. धाडची गाडी वाटेत पंक्चर, नामदेव पोचला तेव्हा लोक चपला शोधत होते. त्याच्यावाचून गाणं नुसतं तरंगत राहिलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतले साहेब घड्याळ बघू लागले.
रग मात्र मिळणार. वॉर्डातली माणसं या थंडीत चादरीवर काढतात, त्यांना मिळणार. आनंद आहे. खरंच आहे. पण

बुध. २५

नाताळची उपासना, देवळात गर्दी. घरी अनारसे, करंज्या. जो भेटेल तो म्हणतो, बाई, यंदा काय कार्यक्रम झाला. हसून हसून गाल दुखले.

सोम. ३०

शांतवनराव घरी आले, स्वतः. फेब्रुवारीत अकोल्याला स्पर्धा. एका सुरात जायचं, नंबर आणायचा. ज्यांना चाल येत नाही त्यांनी घरी बसायचं, स्पर्धेत ओठ हलवणारे चालत नाहीत म्हणे. मला जमत नसेल तर शाळेतले गायनमास्तर तयार आहेत. उत्तर पाच तारखेला, उपासनेनंतर.
हे म्हणाले, सोडून दे, तुझं ओरडणं तरी थांबेल.
ठरवलं. सोडायचंच. मावशी नाही तर मीही नाही, असं सगळ्यांसमोर म्हणायचं. नामदेवाला स्टँडवर भेटून सांगितलं. तो म्हणाला, "माझं काय बाई, मी ड्यूटीवरच असतो. मावशीचं पाहा. तिले घरी कोण आहे?" तेच तर. तिच्यासाठीच करतेय मी हे. तिला अजून काही बोलले नाही, उगाच जिवाला लावून घेईल.

शनि. ४ जाने. १९६४

दिवेलागणीला मावशी आली. बस म्हटलं तर बसेना. म्हणाली, ऐक.
आणि वरची चाल गायली. सगळी कडवी. जिथं आवाज पुरत नाही तिथं डोळे मिटून, मान ताणून, चिरकत, पण गेली. एकदाही घसरली नाही. शेजारच्या पोरीकडून शिकली म्हणे, दवाखान्यात फरशी पुसता पुसता घोकत होती. अकोल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतंच. मीच तेवढी बोलले नव्हते.
"आता तं ठेवशीन नं मले?"
मी म्हटलं, मावशी, खालचा म्हण ना एकदा. तुझा. तिनं सुरू केलं. अर्ध्या ओळीत वर गेली. थांबली, पुन्हा धरला, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तसंच. मग हसली. "नाही राह्यला वं तो आता. गेला."
तिला काहीच वाटलं नाही. खूश होती. चहा प्यायली, अकोल्याला किती दिवस आधी रजा सांगावी लागेल ते विचारून घेतलं, माझा हात धरून घट्ट दाबला आणि गेली. मी दारात उभी राहून रडले. ह्यांना वाटलं शांतवनरावांनी काही कळवलं.
उद्या विचारतील. नाही म्हणून उठले, तर मास्तर येणार, आणि तिचा तो चिरका आवाज ऐकून पहिल्याच दिवशी तिला घरी पाठवणार. हो म्हटलं तर तिला रोज त्या वरच्या सुरात ओढत बसायचं, आणि ते ओढणारी मी.
हे विचारताहेत, काय ठरलं. अजून काही नाही, म्हटलं.