डाव्या बाजूची पेटी

चँडलर, ॲरिझोना
शनिवार, १२ एप्रिल १९८६

प्रिय गुरुदत्त,

दोन वर्षांनी पत्र, आणि तेही मोटरसायकलबद्दल, म्हणजे पाकीट फोडल्याफोडल्या तू कपाळाला हात लावशील. लाव. पण शेवटपर्यंत वाच. मला पुढच्या शनिवारपर्यंत एक निर्णय घ्यायचा आहे आणि गेले दहा दिवस मला धड जेवण जात नाही. सुलेखा म्हणते, गाडी बदलायची आहे की मुलीचं लग्न ठरवायचं आहे तुम्हाला?

गाडी म्हणजे आपली तीच, सत्याहत्तरची जर्मन. सत्तर हजार मैल होऊन गेले. शेजारच्या मेसा गावातल्या डीलरकडे एक नवी जपानी आली आहे. चार सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं इंजिन, वाऱ्याला अडवणारी पुढची काच छातीपर्यंत, लांबच्या प्रवासाला पेट्या कंपनीकडूनच लावलेल्या. मी ती चालवून पाहिली. इतकी गुळगुळीत चालते की आपण बसलोय ते तिला कळलंय की नाही अशी शंका येते. जुनी देऊन नवी घ्या, असं डीलर म्हणतो. मराठी मंडळातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं की पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आण. परवा पाडवा झाला. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, आणि डीलरला फोन करून सांगितलं की अजून आठ दिवस द्या. त्याला मुहूर्त वगैरे काय कळणार, तो म्हणाला, शुअर.

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात दिवसभर दोष शोधायचा पगार घेतो, घरी येऊन फुकटात शोधतो. नवी घेतली तर तिचे सुटे भाग मिळतील का, तिची सीट सुलेखाला झेपेल का, आणि मुळात सुलेखा पुन्हा कधी माझ्या मागे बसेल का? जुनी ठेवली तर वाळवंटात पन्नास मैलांवर ती बंद पडली तर काय? तू इथे होतास तेव्हा ही भीती नव्हती. डुरँगोच्या वाटेवर घाटात क्लचची केबल तुटली होती, तेव्हा तू खिशातून दुसरी काढलीस आणि मला म्हणालास, तू फक्त चिवडा धर. तेव्हापासून मी आयुष्यात चिवडा धरण्यापलीकडे फार काही केलेलं नाही.

गाडी बदल म्हणणाऱ्यांचं कारण एकच असतं, आणि तो विषय मी या पत्रात किती वेळ टाळू शकतो ते बघतोय. जगन्नाथकाका पाडव्याला घरी आले होते. त्र्याहत्तर वर्षांचे, निवृत्त डॉक्टर, पण आवाज अजून वॉर्डात राउंड घेतल्यासारखा. म्हणाले, “अरे प्रताप, एकदा ब्रेक फेल झालेली बाइक लोक ठेवतातच कशाला? इट्स डेंजरस. ट्रेड इन करून टाक.” विनीता टीव्हीसमोरून न वळता म्हणाली, “डॅड, जस्ट सेल इट.” सुलेखा आत पुऱ्या तळत होती. तिनं झारा कढईवर जरा जोरात आपटला.

तर आता ब्रेकचं. त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी तू दोन रविवार आमच्या गॅरेजात मांडी घालून पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक नवे बसवलेस. त्यानंतर पंधरा दिवसांत शाळेच्या हॉलमधला दिवाळीचा कार्यक्रम झाला, आणि परत निघताना पार्किंगमध्येच गाडी पडली. सुलेखाचा डावा खांदा मोडला. सगळ्यांना माहीत आहे की मागचा ब्रेक जाम झाला. तुलाही तेच माहीत आहे. तू कधी एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाहीस. महिन्याभरात स्वतःची मोटरसायकल विकलीस, उन्हाळ्याआधी तिकडे पूर्वेला पार्सिपनीची नोकरी धरलीस, आणि निघताना तुझ्या उत्तरानं आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा तू सुलेखाच्या ताटात वाढतानासुद्धा तिच्या खांद्याकडे बघत नव्हतास.

गेल्या मंगळवारी डीलरनं जुनी गाडी तपासायला ठेवून घेतली. त्याच्याकडे वॉल्ट नावाचा एक म्हातारा मेकॅनिक आहे, शब्द मोजून बोलणारा. त्यानं चाकं उतरवली, आतले ब्रेक बघितले, आणि मला आत बोलावलं. मला वाटलं, आता काय निघालं? त्यानं टॉर्च धरला आणि विचारलं, हे काम कुणी केलंय? तुला आठवतं, तू प्रत्येक बोल्ट आवळून झाला की उत्तराच्या नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या धातूवर ओढायचास? बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. उत्तरा चिडायची, आम्ही हसायचो. त्या सगळ्या रेघा जिथल्या तिथे होत्या. एकही तुटलेली नव्हती. वॉल्ट म्हणाला, इतकं नीट काम आमच्या दुकानात होत नाही, तुमचा मित्र नोकरी शोधत असेल तर सांगा. मी हसलो. मग बाहेर येऊन कोकच्या मशीनला टेकून उभा राहिलो.

आश्चर्य वाटलं म्हणून नाही. वॉल्टनं मला काही नवं सांगितलंच नव्हतं.

आता सांगतो. त्या दिवशी पातेली आणि मुलं तुमच्या स्टेशन वॅगनमध्ये होती आणि आमची मोटार दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही दोघं मोटरसायकलवर आलो. सुलेखानं हिरवी इरकल नेसली होती, लाल पदराची. साडीत दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही, आणि मागच्या चाकाशेजारी सामानाची पेटी लावलेली असली की एका बाजूला पाय सोडून बसता येत नाही. म्हणून डाव्या बाजूची पेटी मी स्वतः काढून गॅरेजात ठेवली. पुण्यात लग्नानंतर तीन वर्षं ती माझ्या मागे अशीच बसली होती. पण तिकडच्या प्रत्येक मोटरसायकलला मागच्या चाकाशी साडीसाठी जाळी असते. लहानपणापासून ती इतक्यांदा बघितली आहे की ती कशासाठी असते हे डोक्यातूनच गेलं. जर्मन माणसानं ही गाडी बनवताना इरकल कशाला डोळ्यासमोर आणायची? तिला जाळी नाही. त्या बाजूला चाक उघडं होतं, आणि ते मी उघडं केलं होतं.

येताना तिनं पदर कमरेला खोचला होता. निघताना हातात फराळाचे डबे, बायकांचा निरोप, त्यात पदर सुटा राहिला. मी तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळला, दोनदा ओढून बघितला. पदराकडे बघितलं नाही. पार्किंगमध्ये तेव्हा आम्ही दोघंच होतो. दहा मैलांचासुद्धा वेग नव्हता. तिनं “अहो” म्हटलं, एवढंच मला ऐकू आलं.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, काय झालं? माझ्या मागे जगन्नाथकाका, सगळं मंडळ, आणि तू. सगळ्यांना सीटबेल्ट लावायला लावणारा, पिकनिकला निघताना लोकांच्या टायरची हवा तपासणारा मी. साडी नेसलेल्या बायकोला जाळी नसलेल्या गाडीवर बसवली हे त्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघेना. “मागचा ब्रेक जाम झाला,” मी म्हणालो. ते मी नर्सला सांगत होतो, गुरुदत्त. तू मागे उभा आहेस हे मला माहीत होतं, पण ब्रेक म्हणजे तू, हे वाक्य बोलून झाल्यावर डोक्यात शिरलं. मी वळलो तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरी आलास, म्हणालास, मला एकदा गाडी बघू दे, काय चुकलं ते कळू दे. मी दारातच म्हणालो, राहू दे आता. तुला वाटलं मी रागावलोय. मी रागावलो नव्हतो. तासाभरापूर्वीच मी गॅरेजात बसून मागच्या चाकातून चिमट्यानं लाल रेशमाचे धागे काढत होतो, आणि ते अजून सगळे निघाले नव्हते.

सुलेखाला अर्थातच सगळं ठाऊक आहे. हॉस्पिटलमधून आल्यावर ती म्हणाली, “भावजींना फोन करा. मी करू, का तुम्ही करताय?” मी म्हणालो, मी करतो. दर रविवारी आठवण करून द्यायची. मग थांबली. या विषयावर ती अडीच वर्षांत रडली नाही की भांडली नाही. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, सकाळी शाळेच्या घाईत विनीता तिची वेणी घालून देते. तेवढा वेळ मी त्या खोलीत जात नाही. आणि गाडी विकायची ही सगळी धडपड, गुरुदत्त, ती जुनी झाली म्हणून नाही. गॅरेजचं दार उघडलं की ती दिसते आणि तिचा काहीही दोष नसतो. नवी आली की हा विषय कायमचा मिटेल असं मी धरून चाललो होतो.

वॉल्टनंतरही मी कदाचित गप्पच बसलो असतो. इतका मी भित्रा आहे. पण परवा पाडव्याचं म्हणून उत्तराचा फोन आला. ती सुलेखाशी बोलत होती आणि मी किचनमधल्या दुसऱ्या फोनवर होतो, तिला माहीत नव्हतं. ती सांगत होती की तू हल्ली कशालाच हात लावत नाहीस. हत्यारांची पेटी तळघरात कुलूप घालून ठेवली आहेस. नळाचा वॉशर बदलायलासुद्धा माणूस बोलावतोस. मुलाच्या सायकलची चेन उतरली तर तू त्याला दुकानात घेऊन गेलास, आणि मुलानं विचारलं तेव्हा म्हणालास, माझ्या हातून चूक होते. उत्तरा हसत सांगत होती, पण शेवटी तिनं घाईघाईनं विषय बदलला. मी फोन ठेवला, आणि हे पत्र लिहायला लागेपर्यंत दोन दिवस गेले. गाडी ठेवू की बदलू ते तू सांग अथवा सांगू नकोस, मला शिव्या घाल, पुन्हा तोंड बघू नकोस. जगन्नाथकाकांकडे मी उद्या स्वतः जाऊन हे सगळं सांगणार आहे, मंडळालाही. पण तू ते कुलूप काढ. चूक तुझ्या हातून झाली नव्हती. माझ्या हातून झाली, आणि ती मी तुझ्या हातात दिली.

अजून म्हणू दिलंस तर, तुझाच
प्रताप