अर्धं लिंबू आणि पितळेचं पातेलं

आत्या, आज सकाळपासून कैऱ्या उकडतेय. दोन पातेली झाली, तिसरं गॅसवर आहे, आणि मधल्या वेळात ओट्यावरच वही टेकवून हे लिहायला घेतलंय. उद्या बुद्धपौर्णिमा. विहारात येईल त्याला खीर आणि पन्हं, तुम्ही घालून दिलेली रीत. तुम्ही माझ्या सासूबाई, पण लग्न झाल्यापासून मी तुम्हाला आत्याच म्हटलं, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली तरी तोंडात तेच येतं. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाची झालेय. गुडघे अगदी तुमच्यासारखेच कुरकुरतात. पण एक गोष्ट तुमच्याजवळ बोलायची राहिली ती राहिलीच. उद्या ती मला विहारातल्या बायकांपुढे सांगायची आहे, आणि मध्येच जीभ अडखळायला नको म्हणून आधी तुम्हाला लिहून काढतेय.

झालं असं की गेल्या रविवारी मी विहारात ते मोठं पितळेचं पातेलं घासायला गेले होते. विहाराच्या महिला मंडळात नवीन आलेली एक मुलगी मदतीला होती. पालेगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहते, अंबरनाथची सून होऊन जेमतेम दोन वर्षं झालीत तिला. चिंच लावता लावता म्हणते, "आजी, ह्याच्यातच ना एका म्हातारीने पन्हं नासवलं होतं? आमच्या सासूबाई सांगतात. म्हणे सगळ्यांना पॉयझनच व्हायचं होतं, थोडक्यात वाचले." ती म्हातारी माझी सासू, हे तिला ठाऊक नव्हतं. मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, "कडा राहिल्या बघ, कडा घास." एवढंच. बघा आत्या, वीस वर्षं झाली आणि तुमचं नाव अजून त्या पातेल्याला चिकटलेलं आहे. ते काढायचं माझ्याशिवाय कोणाच्या हातात नाही.

तुमच्या घरात आले तेव्हा मला स्वयंपाक येतो असा माझा समज होता. बारवीकडच्या पाड्यातली मी, करवंदं, कैऱ्या, कोकम सगळं अंगणात वाढलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही पन्हं करायला सांगितलंत. मी कैऱ्या सोलून उकडल्या, बचकभर साखर ओतली आणि मोठ्या ऐटीत पेला पुढे केला. तुम्ही काडेपेटीच्या कारखान्यातून पॅकिंगची पाळी करून आला होतात, बोटांना अजून काड्यांच्या गुलाचा वास. एक घोट घेतलात आणि पेला खाली ठेवलात. "पोरी, हे गोड पाणी झालं. तोंड आंबट व्हायचं नसेल तर कैरी मेली कशाला?" शेजारची काकू दारात उभी होती, ती एवढी हसली की मी मोरीत जाऊन रडले. तुम्ही आत आलात, समजूत वगैरे काही नाही, नुसत्या दोन कैऱ्या हातात दिल्यात. "सालासकट उकड. गार झाल्यावर हाताने कुसकर, चमच्याने नाही. गूळ आधी चाखून घे, मग घाल. मीठ शेवटी. आणि वेलची वाटून लगेच टाक, वाटून ठेवलेली वेलची म्हणजे नुसता भुसा." आजही मी त्याच क्रमाने करते. नातसून म्हणते, मिक्सर आहे की आजी. असू दे म्हणावं. कोय हाताला लागल्याशिवाय गर किती निघाला ते कळत नाही.

उन्हाळाभर आपल्या चाळीच्या दारात तुमचा माठ असायचा, ओलं गोणपाट गुंडाळलेला. एक दिवस पन्हं, एक दिवस कोकम, कधी सब्जा घातलेलं लिंबू सरबत. पोस्टमन, भंगारवाला, कामावरून परतणाऱ्या बायका, जो थांबेल त्याला. सोबत गुळपापडीची एक वडी. "नुसतं पाणी कोणाला देऊ नये गं, पोटात जाऊन वाजतं." बर्फाचं नाव काढलेलं तुम्हाला चालायचं नाही. गूळ आणायला आपण उल्हासनगरला जायचो, त्या सिंधी दुकानदाराकडे. तो तुम्हाला बघितलं की आधीच हात जोडायचा. "अम्मा, आज भेली मत तोड़ना, पूरी अच्छी है." तुम्ही तोडायचातच. ढेपेचा कोपरा तोंडात टाकून म्हणायचात, "सेठ, खारट आहे. दुसरी काढ." तो मला म्हणायचा, "भाभी, तुम्हारी सास को कस्टम में होना था." येताना पिशवी माझ्याकडे आणि कागदात बांधलेला वानगीचा गूळ तुमच्याकडे. घरी आल्यावर तो कागद सरळ करून मी वाचत बसायचे. चौथीत शाळा सुटली माझी, पुढचं सगळं वाचन असल्या चिकट कागदांवरचं. तुम्ही बघत असायचात, पण काम सांगून कधी उठवलं नाहीत.

म्हणूनच तर पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, आणि तुमच्या लेकाला वाचून दाखवायचा कंटाळा. गावाकडून तुमच्या बहिणीची पत्रं यायची, कोणाकडून तरी लिहून घेतलेली. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटायचात, मी वाचायचे. तिच्या दुखण्याचं, सुनेच्या बोलण्याचं आलं की मी ती ओळ सोडून पुढे जायचे. तुम्हाला त्रास नको म्हणून. तुम्ही डोळे उघडून विचारायचात, "एवढंच? पान तर गच्च भरलेलं दिसतंय." मी म्हणायचे, "अक्षर मोठं आहे, आत्या."

आता त्या वर्षाचं. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षं झाली असतील, घरात नुकताच पहिला मोबाइल आला होता. तोवर आपण विहारात पन्ह्यासाठी मंडपवाल्याची स्टीलची भांडी आणायचो. त्या वर्षी एका रिटायर झालेल्या कामगाराने आईच्या नावाने ते पितळेचं पातेलं दान दिलं. साठ लिटर सहज मावेल एवढं. सगळ्यांना हौस, पन्हं ह्याच्यातच करायचं. तुम्ही एकट्याच म्हणालात, "आंबट आहे. आधी कल्हई बघायला हवी." पातेलं कित्येक वर्षं कोणाच्या माळ्यावर पडून होतं, आतून नुसतं काळपट करडं. बघून काही कळत नव्हतं, आणि तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. कैऱ्या शिजत होत्या, तुम्हाला चुलीपुढून हलता येईना. तुम्ही लिंबू चिरलंत, अर्धी फोड माझ्या तळहातावर ठेवलीत. "विहारात जा, पातेल्याच्या तळाला घास. पांढरं निघालं तर कल्हई आहे. पिवळं चमकलं तर घाई नको, मंडपवाल्याला निरोप धाडू."

मी गेले. भर दुपार, मे महिना, विहाराचा पत्रा तापून आत भट्टी झालेली. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कोपऱ्यात खिरीसाठी आणलेली साखर होती आणि पाण्याचा माठ. ती फोड मी पेल्यात पिळली आणि तिथल्याच कचऱ्यात टाकली, साखर-पाणी घातलं, बोटानेच ढवळलं आणि भिंतीला पाठ लावून पिऊन टाकलं. एवढं गोड सरबत मी जन्मात प्यायले नाही, खोटं कशाला बोलू. मग पातेल्यात डोकावले. पिवळं काही दिसलं नाही. म्हटलं, असेल कल्हई. एवढं मोठं भांडं, एवढ्या चांगल्या घरचं, कल्हई नसेल कशी? घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "बघितलं आत्या, आहे." त्या संध्याकाळी आपण उकडलेला गर, गूळ, पाणी सगळं त्या पातेल्यात एक केलं आणि वर ओलं फडकं बांधून आलो.

सकाळी वंदना झाली. पंचशील घेताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हटलं. त्यानंतर तुम्ही फडकं सोडलंत. रांग दारापर्यंत गेलेली, पुढे लहान मुलं. तुमचा नियम, पहिला घोट करणाऱ्याने घ्यायचा. तुम्ही ओगराळ्यातून हातावर घेतलंत, जिभेला लावलंत आणि थुंकलात. "कळकलंय." पितळेचं आंबटाशी जमत नाही, पन्हं हिरवट पडून धातूची चव सुटते, हे तिथल्या निम्म्या बायकांना माहीतसुद्धा नव्हतं. एक जण म्हणाली, "अहो मावशी, थोडी साखर वाढवू, कळायचं नाही." तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "धरा गं कडेला," म्हणालात, आणि सगळ्यांच्या देखत सगळं पन्हं मागच्या गटारात ओतायला लावलंत. पातेलं रिकामं झालं तेव्हा त्याचा तळ नव्या बांगडीसारखा पिवळाधमक चमकत होता. अर्ध्या लिंबाने जे दाखवलं असतं ते एवढ्या पन्ह्याने दाखवलं.

मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षीणबाई कडाडल्या, "कल्हई कोणी बघितली होती?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी. माझं चुकलं. डोळ्यांनी दगा दिला." त्या म्हणाल्या, "मग आता राहू द्या आजी. वय झालं. पोरांच्या जिवाशी खेळ नको." आणि तुमच्या हातातलं ओगराळं त्यांनी काढून घेतलं. मी तुमच्या मागेच उभी होते, दोन हातांवर. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि खिरीच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलात.

घरी आल्यावर तुम्ही फक्त एक विचारलंत. "ती फोड कुठे टाकलीस गं?" मी म्हटलं, "कचऱ्यात." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि तांदूळ निवडायला बसलात. आत्या, ह्या 'बरं'ला मी वीस वर्षं उलटून पालटून बघतेय. तुम्हाला कळलं होतं का? घासलेली फोड काळी पडते, पिळलेली फोड पांढरी राहते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. पण विहारातला कचरा बघायला तुम्ही गेला होतात की नव्हतात, ते मला कधीच कळणार नाही.

त्या दिवसानंतर दारातला माठ कोरडा पडला. तुम्ही म्हणायचात, कंटाळा आला. मला कारण माहीत होतं आणि मी चूपचाप भाकऱ्या थापत होते. पण एक मात्र मनाशी ठरवलं. कल्हईवाला शोधायचा. गल्लीत हाळी देत फिरणारे तोवर दिसेनासे झाले होते. अंबरनाथ झालं, उल्हासनगरचे कॅम्प झाले, शेवटी विठ्ठलवाडीला बस डेपोच्या मागे एक म्हातारबाबा सापडले, भाता झाकून बसलेले. म्हणाले, "इतना बड़ा बर्तन? लोग तो अब स्टील लेते हैं." मी म्हटलं, "चाचा, मेरेको येहीच पाहिजे." टेम्पोतून पातेलं नेलं. नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत गेला तरी हटले नाही. कथील तळाशी फिरून आरशासारखं लख्ख झालं, तेव्हा पिशवीतून नेलेलं लिंबू काढलं, चिरलं आणि घासून बघितलं. चाचा हसले. "भरोसा नहीं?" म्हटलं, "माझ्यावर नाही."

पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला मंडळाकडून पन्ह्याचं काम मी मागून घेतलं. कोणी म्हणालं, ह्यांच्याच घरात परत? मी म्हटलं, पहिला घोट मी पिईन, मग बघा. तुम्ही विहारात आला नाहीत. मी दुपारी तांब्याभर घेऊन घरी आले. तुम्ही घोट तोंडात घोळवलात, गिळलात, आणि म्हणालात, "मीठ कमी." मग सगळा तांब्या संपवलात. तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हटलं, "गुळपापडी देऊ का?" दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

तर उद्या असं करणार आहे. वंदना झाली की फडकं सोडायच्या आधी सगळ्यांसमोर उभी राहणार. त्या पालेगावच्या मुलीला पुढे बोलावणार, तिच्या हातावर अर्धं लिंबू ठेवणार आणि सांगणार, असंच अर्धं लिंबू एकदा माझ्या हातावर ठेवलं होतं आणि मी ते पिऊन टाकलं. ज्या म्हातारीचं नाव तुम्ही घेता, तिने पन्हं नासवलं नाही. तिने ते ओतून दिलं आणि माझा दोष स्वतःच्या पदरात बांधून घेतला. कोणी हसेल, कोणी म्हणेल, आजी, जुनं कशाला उकरता. उकरणार. मुलं खिरीसाठी ओरडतील, तरी पुरतं सांगून होईपर्यंत ओगराळ्याला हात लावणार नाही. आणि मग ओगराळं त्या मुलीच्या हातात देणार. पुढच्या वर्षीपासून तिचं काम. पहिला घोटही तिचाच.

तिसरं पातेलं उतरवलंय. कैऱ्या गार होतायत, आता हात घालायला हवा. हे पान काही कुठे जायचं नाही, गुळाच्या डब्याखाली राहील. आणि पोचवता आलं असतं तरी आत्या, तुम्हाला ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. खरं सांगते, सरबताच्या ओळीपाशी आले असते तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसलेल्या दिसला असतात, आणि मी ती ओळ सोडून पुढे गेले असते.