गाद्यांचं तेवढं राहू दे

प्रिय मावशी,

डोळ्यांची पट्टी काढली असं कळलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. एका दमात वाचू नकोस, ताण येईल. पण वहिनीकडून वाचूनही घेऊ नकोस. थांबत थांबत का होईना, तूच वाच. थेंब वेळेवर घालतेस ना? आई रोज विचारते. ती आता काठी टेकत दारापर्यंत जाते आणि पोहोचली की मोठा गड सर केल्यासारखी मागे वळून बघते. मांडीचं हाड नीट जुळलंय म्हणतात. पाठीवरची जखम मात्र अजून पुरती भरलेली नाही. औषध लावताना ती ओठ घट्ट मिटून घेते आणि मग मलाच विचारते, तू का रडवेली झालीस?

ऑफिसात तुझ्यामागे छत गळायला लागलं आहे. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला असावा. नेमकं तुझ्या खुर्चीच्या वर. हिशेबनीस काकांनी खाली बादली ठेवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या संस्थेला वरून एवढंच मिळतं बघा. मी फाइलींचे गठ्ठे दुसऱ्या खोलीत हलवले. तुझा चष्मा, मफलर आणि ती दांडी तुटलेली कात्री नीट ठेवली आहे. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. तुला ते माहीत आहे. तुझ्याइतकं मला कोणाला माहीत आहे?

लहानपणी शाळेच्या फाटकाशी मला उलटी व्हायची. सगळे म्हणायचे, चार दिवस ओढत न्या, होईल सवय. तू म्हणालीस, राहू दे, हिची शाळा स्वयंपाकघरात भरेल. तू तेव्हा गणित शिकवायचीस, आणि मला दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलंस. बाजारातून आणलेले बटाटे तू मला घरच्या काट्यावर पुन्हा तोलायला लावायचीस. कमी भरले की मी लगेच म्हणायचे, दुकानदार चोर आहे. तू म्हणायचीस, आधी आपला काटा तपास. मग पिशवीचं वजन बघ. मग पुन्हा तोल. एवढं सगळं करूनही कमी भरले, तर मात्र जा आणि सगळ्यांसमोर विचार. मी तुझा हात धरून जायचे आणि विचारायचे. तू मला लाडानं शंकोबा म्हणायचीस. शंका येणं हा आजार नाही, ती पारखून न बघणं हा आजार आहे, असंही म्हणायचीस.

म्हणूनच तुझ्या संस्थेत आले तेव्हा मला नवीन काही शिकावं लागलं नाही. सरकारी खरेदीची माहिती आता सगळ्यांसाठी खुली झाली होती. कोणत्या खात्याला काय हवं, निविदा कोणी भरल्या, कंत्राट कोणाला मिळालं, मागून किंमत कितीनं वाढवून दिली, सगळं घरबसल्या दिसत होतं. लोक म्हणायचे, एवढं कोण वाचतंय? आपण वाचलं. रस्त्यावरच्या दिव्यांचं आठवतं? तोच दिवा शेजारच्या प्रभागात निम्म्या किमतीत घेतला होता. तू सुनावणीत दोन्ही दिवे टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेस आणि साहेबांना म्हणालीस, यातला महाग कोणता ते ओळखा, मी गप्प बसते. हशा पिकला होता. निविदा रद्द झाली. त्या दिवशी मागच्या बाकावर बसून मला वाटलं होतं, ही माझी मावशी आहे, हे इथल्या प्रत्येकाला सांगावं.

गाद्यांचं मला गेल्या वर्षी दिसलं. सरकारी रुग्णालयाच्या पलंगांवरच्या गाद्या. दर वेळी निविदा भरणारे तेच तिघे, दर वेळी कंत्राट त्यातल्या एकालाच, आणि कंत्राट मिळाल्यावर पुन्हा किंमत वाढवून घेतलेली. तिघांचा पत्ता एकच : जुन्या कोळशाच्या वखारीमागची इमारत, दुसरा मजला. मी आपला काटा तपासला, म्हणजे नोंदी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या, आणि मग तुझ्याकडे आले. तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. म्हणालीस, एका इमारतीत दहा ऑफिसं असतात गं. तुला हल्ली सगळीकडे भुतं दिसायला लागली आहेत. गाद्यांचं तेवढं राहू दे.

मी नवीन कागद काढून पुन्हा आले. तू वैतागली नाहीस, तेच वाईट झालं. तू माझ्या केसांवरून हात फिरवलास. आईला म्हणालीस, पोरीला फार ताण येतोय, लहानपणीचं परत उलटतंय. मला डॉक्टरांकडे तूच घेऊन गेलीस. बाहेरच्या बाकावर माझा हात हातात घेऊन बसलीस. डॉक्टरांना मी सांगितलं की मला नसलेल्या गोष्टी दिसतात, कारण तू तसं म्हणाली होतीस आणि तू माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हतीस. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप यायची, पण आकड्यांवरचा भरवसा उडाला. साधी बेरीजही मी काकांना दाखवून घ्यायला लागले. काका म्हणायचे, अगं, दोन आणि दोन चारच होतात, मी कशाला सही करू? मी हसायचे. आतून मात्र घाबरलेली असायचे.

मग हे छत गळायला लागलं. तू शस्त्रक्रियेसाठी गेलेली, तुला त्रास नको, म्हणून मी काकांना म्हटलं की घरमालकाला मीच सांगून येते. मालकाला आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. महिन्यातून एकदा येतो, तुझ्यासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसतो, चहात तीन चमचे साखर घालतो. पण त्याचं ऑफिस कुठे, हे मला ठाऊक नव्हतं; भाड्याचं सगळं तूच बघायचीस. काकांनी पत्ता सांगितला. जुन्या कोळशाच्या वखारीमागची इमारत, दुसरा मजला. मी म्हटलं, काका, पुन्हा सांगा. ते म्हणाले, कान तरी ठीक आहेत ना तुझे?

मी गेले. जिन्यात घरमालकाच्या नावाची पाटी नव्हती. दर वेळी कंत्राट मिळणाऱ्या त्या गादीवाल्याची होती, आणि तिच्याखाली आणखी दोन लहान पाट्या. तीच तिन्ही नावं. मालकानं मला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. या, या, बाईंची भाची ना तुम्ही! खुर्चीवर कागद पसरले होते, म्हणून मला नमुन्याच्या गाद्यांच्या ढिगावर बसवलं. बसताक्षणी मी आरपार खालच्या फळीला टेकले. तो हसला. म्हणाला, सरकारी माल आहे, घरी नेऊ नका. छत उद्याच्या उद्या करून देतो, काळजी सोडा. भाड्याचं तर आम्ही नावही काढत नाही. बाईंनी आमचं सांभाळलं, आम्ही बाईंचं सांभाळतो. तुम्ही काय, घरच्याच.

मावशी, तो माझ्यापासून काही लपवत नव्हता. मला माहीत आहे असंच तो धरून चालला होता. कोणालाही वाटलं असतं, की ही पोरगी तुझ्याच हाताखाली वाढली, हिला माहीत नसेल कसं?

मी तरीही आधी तुझी बाजू घेतली. तू त्याला फक्त घरमालक म्हणून ओळखत असशील. चांगला माणूस आहे, भाडं मागत नाही, त्याचा धंदा काय हे तू विचारलं नसशील. मी या एका शक्यतेला धरून बरेच दिवस काढले. मग त्या सरकारी रुग्णालयात गेले, आई पडल्यावर ज्या वॉर्डात होती तिथल्या मोठ्या सिस्टरना भेटायला. म्हटलं, गाद्यांबद्दल कधी तक्रार केली होती का? त्यांनी हातातला ट्रे धाडकन खाली ठेवला. म्हणाल्या, आता विचारताय? तुमच्या बाईंच्या हातात मी गेल्या वर्षीच गादीतला चुरा झालेला फोम पिशवीत घालून दिला होता. त्या म्हणाल्या, माहितीत काही सापडत नाही. अहो, इथे माणसांच्या पाठी सोलून निघतात आणि तुम्ही कॉम्प्युटरमध्ये काय शोधताय? माहितीत सगळं सापडलं होतं. ते मीच तुझ्या टेबलावर ठेवलं होतं.

तिथून बाहेर पडताना मला ती दुलई आठवली. आई पडली त्या दिवशी मी तिच्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेले आणि तुला फोन केला. तू रिक्षातून उतरलीस तेव्हा तुझ्या काखेत घरची जाड दुलई होती, दुहेरी घडी करून बांधलेली. तू अजून वॉर्ड पाहिला नव्हतास, पलंग पाहिला नव्हतास. आत आल्या आल्या सिस्टरना म्हणालीस, हिला उचला, आधी हे खाली घाला. मला तेव्हा किती भरून आलं होतं! वाटलं, बहिणीवर माया असावी तर अशी. ती दुलई पाचव्या दिवशी धुवायला नेली आणि आईची पाठ तेवढ्यातच सोलली. आणि शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डातल्या त्या सुतारकाम करणाऱ्या आजोबांसाठी तर घरून कोणी काहीच आणलं नव्हतं.

तू काय विचार केला असशील, तोही मी करून पाहिला. या दोन खोल्या गेल्या तर काम बंद पडेल. एकाकडे कानाडोळा केला तर बाकीचे शंभर पकडता येतील. तुझ्या जागी बसून मी हे मांडून पाहिलं आणि ते अगदीच चुकीचं आहे असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. तू मला विश्वासात घेतलं असतंस तर मी भांडले असते, रुसले असते, कदाचित काम सोडून गेले असते. पण तू तसं केलं नाहीस. मला खरं दिसलं होतं, आणि तू मला आजारी ठरवलंस. माझी भीती कुठे असते हे फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. गोळ्या मी डॉक्टरांना विचारून कमी करते आहे. तुझ्यावर जो राग आहे, तो तेवढ्यानं कमी होत नाही.

आता लिहिण्याचं कारण. गाद्यांचं पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट येत्या महिन्यात ठरणार आहे आणि रुग्णांच्या संघटनेला सुनावणीत बोलायची परवानगी मिळाली आहे. त्यांच्यासाठीचा अहवाल मी पूर्ण केला. त्यात तीन निविदा आणि एक पत्ता आहे, सिस्टरांची तक्रार आहे, आणि आपल्या खोल्याही आहेत. काका आधी म्हणाले, आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची का? मी म्हटलं, माहिती खुली आहे काका, आज ना उद्या तो पत्ता दुसरं कोणीतरी वाचेल, आणि मग आपले दिव्यांचे आकडेसुद्धा खोटे ठरतील. त्यांनी उठून भरलेली बादली ओतली. मग ऑफिससाठी दुसरी जागा शोधायला गेले. अहवाल छापण्याआधी, ज्याचं नाव त्यात आहे त्याला आपण नेहमी पत्र पाठवतो. कालपर्यंत ती पत्रं तू लिहायचीस. हे ते पत्र आहे, मावशी. गादीवाला आणि घरमालक एकच आहे हे तुला कधी कळलं? भाडं कधीपासून दिलेलं नाही? सिस्टरांनी दिलेल्या पिशवीचं काय झालं? मला डॉक्टरांकडे नेलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं का? हा शेवटचा प्रश्न अहवालात नाही, तो फक्त माझा आहे. बाकीची उत्तरं एक शब्दही न गाळता छापली जातील, जशी आजवर सगळ्यांची छापली. पत्र आलंच नाही, तर तुझ्या नावापुढे ‘उत्तर मिळाले नाही’ एवढंच लिहावं लागेल. ते माझ्या हातून लिहून घेऊ नकोस. डोळे दुखत असतील तर थोडं थोडं लिही, पण लिही.

तुझीच,
भाची