हळदीच्या चालीसंबंधी भाऊजींस खुलासा

धसई,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी (शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे सोमवार)

तीर्थस्वरूप लडकू भाऊजी यांच्या चरणी धसईहून मेहुणा रघुनाथ याचा दोन्ही हात जोडून व एक गुडघा टेकून (दुसरा सध्या टेकत नाही) नमस्कार पोहोचावा.

येथे भात झोडून घरात आले, सौ. सरितेची कंबर पूर्वपदावर आली आणि माझी प्रकृती, ज्यांना ती पाहवत नाही त्यांच्या मते, उत्तम आहे. आपला खोकला, हिराताईचा राग आणि आपली लंगडी म्हैस या तिघांचे वर्तमान सविस्तर कळवावे. उंबरमाळीच्या अंगास थंडी अधिक, तेव्हा कानटोपी वापरीत जावी. (गतवर्षी मी आणलेली कानटोपी आपण म्हशीच्या शिंगास अडकवल्याचे मी पाहिले आहे. त्याविषयी मनात काही नाही.) फोन असताना पत्र कशाला, असे आपण म्हणाल. परंतु फोनवर आपण 'हां, हां' म्हणत पाचव्या वाक्यास भाताचा भाव विचारता, आणि मला जी कबुली द्यावयाची आहे ती बाराव्या वाक्याच्या पुढे सुरू होते.

चोवीस वर्षांपूर्वी आपल्या सोनालीच्या बारशास, पाळण्याच्या दोरीस हात लावून, मी भरल्या घरात वचन दिले होते की, या कन्येच्या हळदीस मी स्वतः रचलेली आणि तोवर कोणाच्याही कानी न पडलेली चाल वाजवीन. आपण म्हणाला होतात, "रघू, बोललास ते ध्यानात ठेवीन हां." आपण ते ध्यानात ठेवले हे मी जाणतो, कारण चोवीस दिवाळ्यांत एकही फराळ त्या स्मरणावाचून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. ती हळद येत्या माघात आहे. चाल सिद्ध आहे. केवळ 'कोणाच्याही कानी न पडलेली' या विशेषणापुरते किंचित निवेदन आवश्यक झाले आहे.

ही चाल मी दोन वर्षांपूर्वी रचली. मी शाळेत संस्कृत शिकवतो (मुले ते गुणांसाठी घेतात, त्यात भाषेचा दोष नाही) आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवतो, हे आपणास विदित आहे. आमच्या भजनी मंडळातील साईनाथने बेंजो धरला, मी पेटी धरली, आणि मुरबाडच्या एका ध्वनिमुद्रणगृहात (दर्शनी भागी मोबाइल दुरुस्ती चालते, कला मागील अंगणात) चाल मुद्रित झाली. मुद्रण चालू असता तेविसाव्या सेकंदास मालकाचा कोंबडा आरवला. पुन्हा मुद्रित करू, असे साईनाथ म्हणाला. परंतु कोंबडा समेवर आरवला होता, आणि समेवर येणाऱ्याचा अव्हेर करणे माझ्या संस्कारात बसत नाही. तो राहिला. पुढील कथेत त्याचे काम आहे.

आता चाल सिद्ध झाली आणि हळदीस दोन वर्षे उरली. द्रव्यलोभ मला नाही, परंतु कीर्तिलोभ आहे, आणि तो अधिक खर्चिक. आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या वैष्णवीबाई यांनी एकदा सहज सांगितले की, संगीतकारांनी आपल्या रचना ठेवाव्यात असे संगीताचे संग्रह आता संगणकावर असतात. चित्रपट, जाहिराती, माहितीपट यांस संगीत हवे असले की ती मंडळी तेथून परवाना घेऊन नेतात. असे संग्रह मुख्यतः तीन जातींचे. पहिल्यात जो एकदा शुल्क भरील त्याने ती चाल आयुष्यभर वाजवावी, पुन्हा विचारणे नाही. हे म्हणजे आपली गावकीची भांडी: ज्याच्या घरी कार्य त्याने न्यावीत, आत कोणी काय शिजवले ते आपण पाहू नये. दुसऱ्या जातीत मालकी आपलीच राहते, संग्रह मध्यस्थी करून आपला वाटा घेतो, आणि तीच चाल आपण अन्य संग्रहांतही ठेवू शकतो. हे म्हणजे आपला घरचा तांब्याचा हंडा: आज या आळीत, उद्या त्या आळीत, पण काठावर नाव आपल्या आजोबांचे. तिसरी जात एकाधिकाराची. तेथे मोठमोठी गिऱ्हाइके येतात, मान मोठा, दाम मोठा, परंतु अट अशी की, चाल एकदा दिली की अन्यत्र कोठेही देता कामा नये. हे म्हणजे कन्यादान. त्यानंतर बापानेही घरी आणायची झाल्यास विचारून आणावी.

वैष्णवीबाईंनी मला तेव्हाच बजावले होते, "सर, तिन्हीकडं एकच चाल टाकू नका हां. आणि अटी वाचा." अटी चौदा पृष्ठांच्या होत्या. मी भाष्यासह ग्रंथ वाचणारा मनुष्य आहे, परंतु कोणत्याही भाष्यकाराने ग्रंथाच्या अंती 'मान्य' असा चौकोन ठेवून वाचकास तो प्रथमच दाबण्याची मुभा दिलेली नाही. मी ती मुभा घेतली.

माझा युक्तिवाद असा होता. दुसऱ्या जातीचे काही संग्रह चाल घेताना तिचे नावच पालटतात, म्हणजे कोणी कोठून नेली हे कळावे. हे ऐकताच मला वाटले, ही तर आपलीच रीत! आपली हिराताई आमच्या घरी ठमाबाई होती. लग्नात आपण ताटातील तांदळांवर अंगठीने 'हिरा' लिहिलेत आणि ठमाबाई संपली. (संपली असे आम्हांस वाटले. तिने आपणास नंतर काय दाखवले ते आपण जाणता.) नाव पालटले की व्यक्ती नवी, असे जर शास्त्र मानते, तर चालीने काय पाप केले? सबब मी एकच चाल गावकीच्या भांड्यांत 'मंगल प्रभात' या नावाने, हंड्यात 'सह्याद्री सायंकाल' या नावाने आणि कन्यादानात 'हरिद्रोत्सव' या नावाने दिली. एकच चाल प्रभातही आणि सायंकालही कशी, असे साईनाथने विचारले. त्यास मी सांगितले की, राग हा गाणाऱ्याच्या मनःस्थितीवर असतो. तो बेंजोवाला असल्याने पटले.

फलश्रुती क्रमाने सांगतो. 'सह्याद्री सायंकाल' शेळ्यांच्या जंतनाशनाच्या एका माहितीपटात गेली. साईनाथच्या मते, ज्या क्षणी जंत बाहेर पडतात त्या क्षणी माझा अंतरा लागतो. 'हरिद्रोत्सव' मात्र मोठ्या घरी पडली होती. त्या संग्रहाने कोंबड्यास 'अस्सल ग्रामीण वातावरण' म्हणून विशेष गौरविले. मी ते गौरवपत्र काचेच्या चौकटीत लावणार तोच त्यांचे दुसरे पत्र आले. जगातील यच्चयावत ध्वनी हुंगत फिरणारे त्यांचे एक यंत्र आहे. त्यास 'मंगल प्रभात' सापडली, आणि तीत तोच कोंबडा, त्याच सेकंदास. खुलासा मागवण्यात आला. मी चार पृष्ठे लिहून, आमच्या प्रांतात वधूचे नाव पालटण्याची पद्धती, तांदूळ व अंगठी यांसह निवेदन केली. उत्तर एका ओळीचे आले: अटींमध्ये अशी सवलत नाही. अशा प्रकारे काडीमोड झाली आणि कन्या माहेरी परतली.

हे सारे मी पोटात ठेवले असते. परंतु आसनगावच्या अलीकडील त्या नव्या गृहसंकुलात, नियोजित जावई भाविकरावांच्या घरी आपण सारे सुपारी फोडावयास गेलो तो रविवार आठवावा. सकाळचे दहा. सुपारी अडकित्त्यात होती, अडकित्ता भाविकरावांच्या चुलत्यांच्या हातात होता, आणि खालच्या रस्त्यावरून माझी चाल आली. प्रथम मी कानांवर विश्वास ठेवला नाही. तेविसाव्या सेकंदास कोंबडा आरवला. शंकेस स्थान उरले नाही. वरपक्षाने मामाच्या सन्मानार्थ ही योजना केली असावी, या भावनेने मी उठून उभा राहिलो व हात जोडले. माझ्यासमवेत विहीणबाई गुणाबाई उठल्या, त्यांची थोरली सून सारिका उठली, मागील दोन वृद्धाही भिंतीचा आधार घेऊन उठल्या. किती ही रसिकता, असे मनात येते तोच गुणाबाई ओरडल्या, "अगो सारिका, सुका पण घे, गाडी जाल!" आणि हिरवा डबा घेऊन त्या जिना उतरल्या. मागोमाग निळा डबा गेला. भाऊजी, त्या संकुलातील कचऱ्याच्या गाडीवर माझी चाल वाजते. भगिनीवर्ग परत येऊन हात धुईपर्यंत सुपारी तशीच अडकित्त्यात थांबली होती, हे आपण स्वतः पाहिले आहे. माझे डोळे भरून आले. आपण पाठीवर हात ठेवून म्हणालात, "रडतोस कशाला रे? पोरगी काय लांब चाललीय? शहापूर तालुक्यातच तं चाललीय." मी त्यासाठी रडत नव्हतो. (त्यासाठीही रडलो, पण एस.टी.त.)

त्या एस.टी.त सरिता शेजारी होती. मुरबाडास म्हणाली, "अवो, तुमची चाल लय गुणाची निघाली. गाण्याला एवढ्या बाया एका टायमाला उठलेल्या मी कंदी पायल्या नाय."

पुढील रविवारी मी एकटा जाऊन त्या गाडीची चौकशी केली. चालक नवसू हा सद्गृहस्थ. त्याच्या ठेकेदाराने 'मंगल प्रभात' रीतसर शुल्क भरून घेतली होती. सकाळची गाडी म्हणून सकाळचे नाव शोधले, इतकेच. परवान्याची छापील प्रत देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलेली होती. "कायमची मोकळीक हाय, सर," नवसू म्हणाला. "आनी कोंबडा आरवला का म्हाताऱ्या बी डबा घेऊन निघतात. आदीच्या गाण्याला निघत नवत्या." रचनाकार मीच, हे मी त्यास सांगितले नाही. विनय हे एक कारण. घरी येऊन मी ती चाल त्या संग्रहातून मागे घेतली, परंतु ज्यांनी आधी नेली त्यांची मोकळीक अबाधित राहते. गावकीतून भांडे परत आणता येते. त्यात शिजून खाल्लेला भात परत आणता येत नाही.

तात्पर्य, जी चाल कोणाच्याही कानी पडणार नव्हती, ती सोनालीच्या सासरच्या संपूर्ण वसाहतीस तोंडपाठ आहे. चोवीस वर्षांचे वचन मी मोडले. दोष संग्रहांचा नाही, यंत्राचा नाही, कोंबड्याचा तर नाहीच. मी दुसरी एक चाल रचली असून ती आजतागायत सरितेव्यतिरिक्त कोणी ऐकलेली नाही (आणि त्या वेळी मिक्सर चालू होता). हळदीस ती वाजवून मला वचनाच्या ऋणातून मोकळे व्हावयाची अनुज्ञा द्यावी, अथवा जी शिक्षा करावयाची ती हिराताईस न विचारता करावी, एवढीच प्रार्थना. ताईस व म्हशीस यथाक्रम नमस्कार व वैरण.

आपला वचनभंगी, तथापि कलावंत मेहुणा,
रघुनाथ

ता. क. पत्र टपालात टाकणार तोच सोनाली केळवणास आली आणि माझी अनुज्ञा न घेता तिने ते देव्हाऱ्यासमोर बसून सबंध वाचले. दोनदा हसली, एका ठिकाणी मात्र नाही. मग म्हणाली, "मामा, दुसरी-बिसरी नको. तीच वाजीव. त्या नव्या घरात रोज सकाळी मला वळखीचं कोन हाक मारणार हाय? ती गाडी तं मारल." तेव्हा वरील प्रार्थना रद्द समजावी. हळद तिची आहे, आपली अनुज्ञा तिने गृहीत धरली आहे.

ता. क. २. दुसरी चाल रिकामी राहिल्याने ती दुसऱ्या एका एकाधिकार संग्रहास काल पाठवली. ही अन्यत्र कोठे दिली आहे काय, असे त्यांनी विचारले. 'अद्याप नाही,' असे मी सत्य तेच कळवले.

ता. क. ३. ज्यासाठी हे पत्र लिहावयास घेतले ते राहूनच गेले. उष्टी हळद घेऊन गुणाबाई, सारिका व त्या दोन वृद्धा आपल्या मांडवात येणार. चाल सुरू होऊन तेविसाव्या सेकंदास कोंबडा आरवेल (ते काम साईनाथने अंगावर घेतले आहे) आणि त्या चौघी उठतील. विहिणींना आपल्या दारी रिकाम्या हातांनी उभे राहावे लागणे शोभणार नाही. तरी मांडवाच्या तोंडाशी उजव्या हातास दोन डब्यांपुरती जागा सोडावी. डबे मी आणीन, एक हिरवा, एक निळा, झाकणांसह. ते मामाच्या आहेरात धरू नयेत.