कुणी आजारी पडायचं नाही!

९ जानेवारी

आली एकदाची! पाचवी शिकाऊ डॉक्टर. चष्मेवाली, बोलायला कमी, एक बॅग कपड्यांची आणि तीन पुस्तकांच्या. खोलीत शिरताच विचारलं, "मॅडम, टेबल आहे ना?" मला आवडली. पण आवडून काय उपयोग? आधीचे चौघेही आवडलेच होते. शिकायला यायचं, तीन आठवडे राहायचं आणि जाताना फॉर्मवर 'ही जागा नको' लिहून मोकळं व्हायचं! शेवटचा तर नव्वद जणांची रांग बघून म्हणाला, "हे रोजचं?" — दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पसार.

३१ तारखेला मी निवृत्त. तोवर कुणी इथे राहायची सही केली नाही तर दवाखान्याला कुलूप. आठवड्यातून एकदा कुणीतरी येईल, गोळ्या वाटून जाईल. चौतीस वर्षं घातली मी इथे. हिला सोडणार नाही म्हणजे नाही!

१० जानेवारी

सकाळीच तिचा स्टेथोस्कोप काढून घेतला. ही माझी रीत. पहिला आठवडा बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसायचं, गप्पा मारायच्या आणि हात न लावता मला सांगायचं — आधी कुणाला आत घेऊ? गोंधळली, पण बसली.

बाकावर अकराच जण. शेतीची कामं असतील.

११ जानेवारी

सात.

१२ जानेवारी

तीन! त्यातला एक वजनकाटा चालू आहे का ते बघायला आलेला.

१३ जानेवारी

कुणीच नाही. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. नर्सबाईंनी कापसाचे बोळे करून करून बरणी भरली. चष्मेवालीनं औषधांचं कपाट दोनदा लावलं. संध्याकाळी म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. इथली माणसं ठणठणीत आहेत. बाबा म्हणतात शहरात जागा आहे. तिथे तरी माझा काही उपयोग होईल."

 

१४ जानेवारी

काहीतरी शिजतंय म्हणून दळण नसताना गिरणीत गेले. आत वीस-पंचवीस माणसं खोकतायत. मला बघताच सगळ्यांचा खोकला बंद! एकीनं फडक्यात बांधलेलं बोट पाठीमागे लपवलं. एक म्हातारबाबा तापानं लालबुंद, आणि म्हणतात काय — "मी? मी तर धडधाकट!"

गिरणीवाल्याला धरलं. नर्सबाईंचा भाऊ, सगळे त्याला भोंगा म्हणतात, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. लगेच ओकला. "डॉक्टरबाई, मागचा गर्दी बघून पळाला ना? म्हणून ठरवलं सगळ्यांनी. ही सही करेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही. काम कमी दिसलं की टिकेल पोरगी." आणि नर्सबाईंनाही हे माहीत!

असली चिडले मी! "आजार काय तुमच्या बापाचा नोकर आहे, थांब म्हटलं की थांबायला?" भोंगा मान खाली घालून उभा, भुवयांवर पीठ. बघता बघता मलाच हसू फुटलं. मेले! एवढी धडपड कशासाठी, तर एक डॉक्टर राहावी म्हणून. म्हटलं, उद्या सगळ्यांनी यायचं, कारणं नकोत.

चष्मेवालीला सगळं सांगितलं.  जी हसत सुटली ती थांबेना. मग चष्मा काढून पुसत बसली बराच वेळ. "माझ्यासाठी ताप अंगावर काढला, मॅडम?"

१५ जानेवारी

एकशे सतरा!!!

पाच दिवसांचं तुंबलेलं दुखणं एकदम दारात. मी म्हातारबाबांपासून सुरुवात केली. चष्मेवाली बाकावर. दहा मिनिटांत आत आली. "कोपऱ्यातल्या शिंपीणकाकू. आत्ता." मी त्यांच्यासमोरून दोनदा गेले होते. त्या तर म्हणत होत्या, घाई नाही, आधी लेकुरवाळ्या जाऊ देत.

"मॅडम, एकाच पायात चप्पल आहे, दुसरा पाय पिशवीमागे. आणि एवढ्या कलकलाटात त्या एकट्यांचीच तक्रार नाही."

साखरेचा जुना त्रास. पायाच्या अंगठ्याला जखम, पाच दिवस झाकून ठेवलेली, कडा काळ्या पडलेल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता. पोरीनं फरशीवर बसकण मारून जखम साफ केली, गाडी बोलावली आणि काकूंसोबत स्वतः शहरात गेली.

मला दिसलं नाही ते तिला दिसलं! वाईट वाटायला हवं होतं. छे, नाचावंसं वाटलं. शंभरावर पेशंट एकटीनं बघितले आणि जराही दमले नाही.

१९ जानेवारी

पाय वाचला! अंगठासुद्धा! काकूंचा निरोप: पोरीच्या अंगाचं माप पाठवा, ॲप्रन शिवणार.

आज स्टेथोस्कोप परत दिला.

२४ जानेवारी

रोज नव्वद-शंभर. चष्मेवाली जेवण विसरते, मग नर्सबाई ओरडतात. नर्सबाईंशी माझा अबोला होता, तो आज संपला. किती दिवस ओढणार? त्यांच्याशिवाय पट्टीसुद्धा सापडत नाही.

२९ जानेवारी

सही!!! तीन वर्षांची!

'ही जागा का निवडली' या रकान्यात बाईसाहेबांनी दोनच शब्द लिहिलेत: 'काम भरपूर.' तिच्या बाबांचा फोन आला. "काय जादू केलीत हो?" म्हटलं, काही नाही, गावाला आजारी पडायची परवानगी दिली. भोंग्यानं दहा मिनिटं ढोल बडवल्यासारखा गिरणीचा पत्रा बडवला. मी रडले. रडले तर रडले!

३१ जानेवारी

चाव्या दिल्या. तिनं त्या खिशात टाकल्या आणि दार लावून घेतलं. "मॅडम, तीन आठवडे बघतेय. तुम्ही डावा हात वर उचलत नाही. टेबलावर झोपा."

काखेत गाठ. "कधीपासून?" सात महिने. या वहीलाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशनला गेले असते तर त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. खूप बोलली मला. ऐकून घेतलं.

उद्या सातच्या गाडीनं शहरात जायचं, तपासणीला. दवाखाना नऊला उघडेल.